डच सामासिक नामे: घटक, सांधा आणि अक्षरविभागणी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेदरलँड्समध्ये नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्या किंवा जाऊ पाहणाऱ्या मराठी माणसाची डच भाषेशी पहिली झटापट होते ती तिच्या लांबलचक नामांशी. घरभाड्याचा करार, राहण्याचा परवाना, आजारपणाचा विमा या प्रत्येकाला तिथे एकच शब्द असतो आणि तो ओळीच्या शेवटी कुठे तोडायचा, हे डोळ्यांना सहज दिसत नाही. शिकताना वारंवार पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

या पानावर डच शब्द कसे लिहिले आहेत?

सर्व डच शब्द देवनागरीत, उच्चाराच्या शक्य तितके जवळ जाऊन लिहिले आहेत. डचमधील 'जी' हा वर्ण घशातून घासत येणाऱ्या 'ख'सारखा ऐकू येतो, म्हणून तो 'ख' असा लिहिला आहे, आणि 'व्ही'साठी 'व्ह' तर 'डब्ल्यू'साठी 'व' वापरला आहे. 'अक्षर' हा शब्द येथे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या खंडासाठी योजला आहे आणि रोमन लिपीतील सुट्या चिन्हाला 'वर्ण' म्हटले आहे. हा फरक सुरुवातीलाच पक्का केलेला बरा, कारण पुढचा बराचसा गोंधळ या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळेच होतो.

डच लोक एवढे लांब शब्द का लिहितात?

खरे पाहता डच समास काही जगावेगळा नाही. आपणही देवघर, पोळपाट, फुलझाड असे शब्द जोडूनच लिहितो. फरक एवढाच की डच लेखनात समास कितीही लांबला तरी तो एकच शब्द मानला जातो आणि मध्ये जागा सोडणे ही चूक ठरते. 'किन्दर' म्हणजे मुले, 'बूक' म्हणजे पुस्तक आणि 'वेक' म्हणजे आठवडा. यांपासून 'किन्दरबूकनवेक' हे नाव झाले असून मुलांच्या पुस्तकांचा हा सप्ताह नेदरलँड्समध्ये 1955 पासून साजरा होतो. जोडणी दोन-दोन घटकांची होत जाते. आधी 'किन्दरबूक' म्हणजे बालपुस्तक हा शब्द तयार होतो आणि मग त्याला आठवडा जोडला जातो. त्यामुळे पाच घटकांचा शब्दसुद्धा आतून पाहिला तर दोन-दोन घटकांच्या घड्यांचाच असतो.

पहिला घटक नामच असला पाहिजे असे नाही. 'स्लापकामर' म्हणजे झोपण्याची खोली, यात 'स्लाप' हे झोपण्याच्या क्रियापदाचे मूळ रूप आहे, असेही म्हणता येते. 'स्नेलत्रेइन' म्हणजे जलद गाडी, यात पहिला घटक विशेषण आहे. समासात शिरल्यावर या विशेषणाला प्रत्यय लागत नाही. 'स्नेले त्रेइन' असे सुटे लिहिले तर ती वेगाने धावणारी कोणतीही गाडी, आणि 'स्नेलत्रेइन' असे जोडून लिहिले तर तो गाडीचा एक प्रकार.

लिंग कोणत्या घटकावरून ठरते?

शेवटच्या. डचमध्ये नामापुढे 'द' किंवा 'हेत' यांपैकी एक उपपद येते आणि नवशिक्याला ते पाठच करावे लागते, पण समासाच्या बाबतीत फक्त शेवटच्या घटकाचे पाठ असले तरी पुरते. 'हाउस' (घर) आणि 'ओख' (डोळा) हे दोन्ही शब्द 'हेत' घेतात, तर 'आर्ट्स' (वैद्य) हा 'द' घेतो. म्हणून 'द हाउसआर्ट्स', म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर, आणि 'द ओखआर्ट्स', म्हणजे डोळ्यांचा डॉक्टर. उलट 'वेइन' (वाइन) हा 'द'चा आणि 'ख्लास' (पेला) हा 'हेत'चा, म्हणून 'हेत वेइनख्लास'. मराठीतही 'ते देवघर' आणि 'तो घरजावई' असेच चालते, त्यामुळे हा नियम आपल्याला नव्याने शिकावा लागत नाही, फक्त आठवावा लागतो.

अर्थाचा भारही शेवटच्या घटकावरच असतो. 'वाटरफ्लेस' ही पाण्यासाठीची बाटली, तर 'फ्लेसनवाटर' हे बाटलीबंद पाणी. घटक तेच असले तरी क्रम बदलताच वस्तू बदलते, आणि पहिली 'द' तर दुसरी 'हेत' होते. आपल्या बहुव्रीहीसारखे शब्दही थोडे आहेत. 'दोमकोप' म्हणजे शब्दशः मठ्ठ डोके, पण तो शब्द डोक्यासाठी नसून ते खांद्यावर वागवणाऱ्या माणसासाठी आहे.

ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा झाल्यास कुठे तोडावा?

सर्वांत आधी घटकांमधल्या सांध्यावर. अक्षरांचे बाकीचे सगळे नियम त्यानंतर, प्रत्येक घटकाच्या आत स्वतंत्रपणे लागतात.

ते आतले नियम थोडक्यात असे. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या अक्षरात जाते, उदाहरणार्थ 'का-मर' (खोली). दोन व्यंजने असतील तर ती वाटून घेतली जातात, म्हणून कपाटांचे अनेकवचन 'कास-तन' असे तुटते. तीन किंवा अधिक असतील तर डच शब्दाच्या आरंभी जेवढी एकत्र येऊ शकतात तेवढी पुढे ढकलली जातात, म्हणून खिडकी 'व्हेन-स्तर' अशी तुटते. 'सी-एच' ही जोडी फोडत नाहीत, 'आय-जे' हीही नाही, आणि एकटा वर्ण ओळीच्या शेवटी किंवा आरंभी ठेवत नाहीत. त्यामुळे 'आव्होन्त' (संध्याकाळ) या शब्दाची उच्चारात अक्षरे दोन असली तरी लेखनात तो तुटतच नाही, कारण पहिल्या अक्षरात 'ए' हा एकच वर्ण आहे.

आता सांध्याकडे येऊ. 'ओखआर्ट्स' या शब्दात दोन स्वरांमध्ये एकच 'जी' आहे. साध्या शब्दाचा नियम लावला तर तो पुढे जायला हवा होता. पण सांधा आडवा येतो आणि शब्द 'ओख-आर्ट्स' असाच तुटतो. एवढेच नव्हे, तर शब्दाचे लेखनही त्यावरून ठरते. डचमध्ये दीर्घ स्वर बंद, म्हणजे व्यंजनात संपणाऱ्या, अक्षरात दोन वर्णांनी आणि खुल्या, म्हणजे स्वरात संपणाऱ्या, अक्षरात एका वर्णाने लिहितात. म्हणून एक डोळा दोन 'ओ' घालून लिहितात आणि अनेकवचनी 'ओखन' लिहिताना एकच 'ओ' उरतो. 'ओखआर्ट्स'मध्ये मात्र 'जी'नंतर लगेच स्वर आलेला असूनही दोन्ही 'ओ' जागच्या जागी राहतात. शुद्धलेखनाच्या दृष्टीने ते अक्षर अजून बंदच आहे, शेजारच्या स्वराशी त्याला देणेघेणे नाही.

म्हणजे डच समासात संधी होत नाही का?

होते, पण मर्यादित प्रमाणात, आणि संस्कृत-मराठी वळणाच्या वाचकाला हा भाग सर्वांत रोचक वाटावा असा आहे. आपल्याकडे विद्या आणि आलय जोडले की 'विद्यालय' होते आणि सांधा कुठे होता याचा मागमूस राहत नाही. डचला हे मान्य नाही. तिथे दोन स्वर सांध्यावर समोरासमोर आले तर एकमेकांत न मिसळता तसेच उभे राहतात.

व्यंजनांचे मात्र पाहण्यासारखे आहे. 'झाक' म्हणजे खिसा आणि 'दूक' म्हणजे कापड, त्यांचा समास म्हणजे रुमाल. तो 'झाकदूक' असा लिहिला जातो पण 'झाग्दूक' असा ऐकू येतो. वाक् आणि देवी मिळून वाग्देवी होते, अगदी त्याच चालीवर येथे पुढच्या मृदू 'द'मुळे मागचा 'क' मृदू झाला आहे. इथवर पाणिनीचा विद्यार्थी खूश होईल. पण पुढे स्वर आला की वाट वेगळी होते. जगत् आणि ईश यांचे 'जगदीश' होते, कारण आपल्याकडे स्वरही मागच्या कठोर व्यंजनाला मृदू करतो. डचमध्ये 'आव्होन्त' आणि 'एतन' (खाणे) मिळून रात्रीचे जेवण होते, आणि त्याचा उच्चार 'आव्होन्त-एतन' असाच राहतो. या शब्दात लिहिताना 'डी' आहे, अनेकवचनी 'आव्होन्दन' म्हणताना तो 'द' असा स्पष्ट ऐकूही येतो, पण समासात पुढे स्वर असूनही तो 'त'च उच्चारला जातो. कारण डचमध्ये शब्दाच्या अखेरचे मृदू व्यंजन कठोर होते आणि सांधा हा त्या भाषेच्या कानाला शब्दाची अखेरच वाटतो. 'हाउसआर्ट्स'चेही तेच. घराचे अनेकवचन 'हाउझन', तिथे 'झ' आहे. समासात 'स' तसाच राहतो.

सांधा कधीच पुसला जात नाही का?

काही जुन्या, रोजच्या वापराने झिजलेल्या शब्दांत पुसला जातो. बटाट्याला डचमध्ये 'आर्दापल' म्हणतात. तो 'आर्दे' (जमीन) आणि 'आपल' (सफरचंद) यांचा समास आहे. वरच्या नियमाने येथे 'त' ऐकू यायला हवा, पण प्रत्यक्षात खणखणीत 'द' ऐकू येतो, म्हणजे बोलणाऱ्याच्या कानातून सांधा कधीच निघून गेला आहे. लेखनात मात्र तो जपलेला आहे. ओळीच्या शेवटी हा शब्द 'आर्द-आपल' असाच तुटतो, जिभेला वाटते तसा 'आर-दापल' नव्हे. जीभ एक सांगते आणि शुद्धलेखन दुसरेच, अशा शब्दांपुढे नवशिक्याने शब्दसूची उघडावी हे उत्तम.

दोन घटकांच्या मध्ये येणारा 'एस' किंवा 'ई-एन' हा काय प्रकार आहे?

हे जोडवर्ण. काही समासांत ते येतात, काहींत येत नाहीत, आणि कुठे येतील हे सांगणारा एकच पक्का नियम नाही. मराठीत घोड्यावरचा स्वार 'घोडेस्वार' होतो पण घोड्यांची दौड 'घोडदौड' होते. असे का, याचे उत्तर आपण तरी कुठे देतो?

तोडताना मात्र संदिग्धता नाही: जोडवर्ण नेहमी डावीकडच्या घटकाबरोबर जातात. स्टेशनसमोरचा चौक 'स्ताशोन्स-प्लेइन' आणि पुस्तकांचे कपाट 'बूकन-कास्त' असेच तुटते.

'एस'बाबत खरी अडचण येते ती दुसरा घटक स्वतःच 'स'ने सुरू होतो तेव्हा, कारण मग मधला 'एस' कानाला वेगळा कळत नाही. गावातल्या रस्त्याला 'दोर्प-स्त्रात' म्हणावे की 'दोर्प्स-स्त्रात'? तेव्हा त्याच पहिल्या घटकाचा दुसरा समास आठवून पाहावा. गावातले चर्च 'दोर्प्सकेर्क' आहे, तिथे 'एस' स्वच्छ ऐकू येतो, म्हणून रस्त्याच्या नावातही तो लिहायचा आणि दोन 'एस' शेजारी-शेजारी ठेवायचे.

'पाननकूक'वरून एवढा वाद का झाला?

'पान' म्हणजे तवा, 'कूक' म्हणजे गोड पोळी किंवा केक. तव्यावरच्या या पदार्थाचे नाव पूर्वी मधल्या 'एन'शिवाय, 'पानेकूक' असे लिहीत. 1995 च्या शुद्धलेखन सुधारणेने नियम केला की पहिल्या घटकाचे अनेकवचन केवळ 'ई-एन' लावूनच होत असेल तर समासातही 'ई-एन' लिहावे. त्यामुळे 'पाननकूक' झाले. गंमत अशी की बहुसंख्य लोक हा 'एन' उच्चारतच नाहीत, म्हणजे नियम कानाला पटणारा नव्हता, केवळ डोळ्यांसाठी होता.

अपवादांनी त्यात आणखी भर घातली. पहिला घटक जगात एकमेव असेल तर 'एन' नको, म्हणून सूर्यप्रकाश 'झोनेस्खेइन'. एका देशाला राणी एकच, म्हणून राणीचा दिवस 'कोनिंगिनेदाख', 'एन'विना. 2013 मध्ये विलेम-अलेक्झांडर गादीवर आले आणि 2014 पासून तो सण 'कोनिंग्सदाख', म्हणजे राजाचा दिवस झाला. जोडवर्ण बदलून 'एस' आला आणि तेवढ्यापुरता हा अपवाद लोकांच्या लिहिण्यातून निवृत्त झाला. 1995 च्या नियमांत प्राणी आणि वनस्पती यांच्या जोडीसाठीही एक वेगळा अपवाद होता. 'पार्त' (घोडा) आणि 'ब्लूम' (फूल) मिळून होणारे एका पिवळ्या रानफुलाचे नाव त्यामुळे 'एन'विना राहिले होते. अधिकृत शब्दसूचीच्या 2005 च्या आवृत्तीने तो अपवाद रद्द केला आणि 2006 पासून ते फूलही 'पार्दनब्लूम' झाले. दहा वर्षांत एका रानफुलाचे लेखन बदलल्यावर काही वृत्तपत्रांनी बंड केले आणि 2006 मध्ये अधिक सैल नियमांची एक पर्यायी 'पांढरी' पुस्तिका निघाली. माझ्या मते त्या बंडात तथ्य होते, पण परीक्षेला बसणाऱ्याने अधिकृत नियमच पाळावेत.

संयोगचिन्ह कधी घालावे?

सांध्यावर दोन स्वरवर्ण असे भेटले, की ते एकत्र वाचून एकच स्वर वाटण्याचा धोका आहे, तर. 'झे' (समुद्र) या शब्दात शेवटी दोन 'ई' असतात आणि 'एखल' (साळिंदरासारखा दिसणारा छोटा काटेरी प्राणी) हा 'ई'ने सुरू होतो, म्हणून समुद्रातला काटेरी जीव 'झे-एखल' असा संयोगचिन्हाने लिहितात. पण समुद्री हत्ती 'झेओलिफान्त' जोडूनच, कारण 'ई' आणि 'ओ' मिळून डचमध्ये कोणताही एक स्वर होत नाही.

असाच धोका साध्या प्रत्ययाने निर्माण झाला तर संयोगचिन्हाऐवजी स्वरावर दोन टिंबे देतात, जसे 'झे'च्या 'झेएन' या अनेकवचनात. 1995 पूर्वी समासातही टिंबेच देत असत. ओळ तुटताना शब्द नेमका तिथेच तुटला तर टिंबे गळून पडतात, कारण वाचनातला धोकाच उरत नाही. त्याशिवाय दोन्ही घटक समान दर्जाचे असतील, म्हणजे आपल्या द्वंद्वासारखा समास असेल, तरीही संयोगचिन्ह येते. पंतप्रधानाला 'मिनिस्तर-प्रेझिदेन्त' म्हणतात, तो यातलाच.

एकच शब्द दोन ठिकाणी तुटू शकतो का?

तुटू शकतो, आणि डच लोकांचा हा आवडता खेळ आहे. 'क्वार्त्सलाखन' हा शब्द 'क्वार्त-स्लाखन' असा तोडला तर पाव फेरे, 'क्वार्त्स-लाखन' असा तोडला तर गारगोटीच्या खडकाचे थर. 'व्हाल्काउल' म्हणजे 'व्हाल-काउल', सापळ्याचा खड्डा, पण 'व्हाल्क-आउल' वाचले तर ससाणा-घुबड असा न जन्मलेला पक्षी डोळ्यांपुढे येतो. सर्वांत लाडका शब्द 'केर्स्तोमात्ये'. 'केर्स-तोमात्ये' म्हणजे चेरीएवढा छोटा टोमॅटो, आणि 'केर्स्त-ओमात्ये' म्हणजे नाताळातली छोटीशी आजी. बाजारातल्या पाटीवर अर्थातच टोमॅटोच असतो.

मग संगणक हे शब्द बरोबर तोडतो का?

बहुतेक वेळा तोडतो, पण अर्थ समजून नव्हे. फ्रँक्लिन लियांग यांनी 1983 मध्ये स्टॅनफर्डमधील प्रबंधात मांडलेली पद्धत टेक या अक्षरजुळणी प्रणालीत वापरली जाते. ती वर्णांचे ठराविक क्रम पाहून तोडण्याच्या जागा ठरवते. डचसाठी असे क्रम तयार केलेले आहेत. पण वर्णक्रमाला गारगोटी आणि पाव फेरा यांतला फरक कळणे शक्य नाही, आणि नवे समास रोज जन्मत असल्याने सगळे शब्द आधीच यादीत घालून ठेवणेही शक्य नाही.

इंग्रजीप्रमाणे शब्द सुटे लिहिले तर काय बिघडते?

अर्थ बिघडतो. 'रोदे वेइन' म्हणजे लाल वाइन. तिच्यासाठीचा पेला 'रोदेवेइनख्लास' असा एका शब्दात लिहायचा. 'रोत वेइनख्लास' असे लिहिले तर पेलाच लाल झाला, मग त्यात पांढरी वाइन असली तरी चालेल. इंग्रजीच्या प्रभावाने समास सुटे लिहिण्याच्या सवयीला डच लोक 'इंग्रजी रोग' म्हणतात. मुडदूस या हाडांच्या आजाराचेही डचमध्ये तेच नाव आहे, आणि कोटी तिथेच आहे: शब्दाची हाडे जागेवर राहत नाहीत. मराठीतही पाट्यांवर 'पोळी भाजी केंद्र' आणि 'पोळीभाजी केंद्र' दोन्ही दिसतात, पण आपण त्याला रोग म्हणत नाही.

आघात कुठे येतो?

सहसा पहिल्या घटकावर. अनोळखी समास ऐकताना त्याचा आरंभ ओळखण्यास हे फार उपयोगी पडते. अपवाद आहेत: नगरभवनाला 'स्तातहाउस' म्हणतात आणि जोर 'हाउस'वर येतो.

एखादा लांब शब्द पूर्ण सोडवून दाखवाल का?

विम्याच्या कागदांत हमखास भेटणारा एक शब्द घेऊ: 'आर्बेइत्सओनखस्खिक्तहेइत्सव्हरझेकरिंग'. रोमन लिपीत त्याचे 33 वर्ण होतात. याच नावाचा कायदा नेदरलँड्समध्ये 1967 पासून लागू झाला आणि तो लोकांत अर्थातच आद्याक्षरांनीच ओळखला गेला.

शेवटाकडून सुरुवात करावी. 'व्हरझेकरिंग' म्हणजे विमा, हा प्रमुख घटक. त्याच्या आधीचा 'एस' जोडवर्ण आहे आणि तो डावीकडचा. डावीकडे उरले 'आर्बेइत्सओनखस्खिक्तहेइत'. यात 'आर्बेइत' म्हणजे काम, पुन्हा एक जोड 'एस', मग 'ओन' हा आपल्या 'अ'सारखा नकारार्थी उपसर्ग, 'खस्खिक्त' म्हणजे सक्षम, आणि 'हेइत' हा आपल्या 'ता'सारखा भाववाचक प्रत्यय. कार्य-अ-क्षम-ता-विमा असे मराठी तुकडे त्याच क्रमाने त्यावर ठेवता येतात, हे पाहून वर्गातल्या मराठी विद्यार्थ्यांचे चेहरे उजळतात, असा माझा अनुभव आहे. अक्षरे दहा: आर-बेइत्स-ओन-ख-स्खिक्त-हेइत्स-व्हर-झे-क-रिंग. दोन्ही जोडवर्ण कुठे गेले ते पाहा. पहिल्या 'एस'नंतर स्वर आहे, तरी तो 'सोन' असा पुढे घसरलेला नाही.

हीच रीत 'ह्यूरओव्हरएनकोम्स्त'ला, म्हणजे भाडेकराराला लावावी. शेवटी 'ओव्हरएनकोम्स्त' म्हणजे करार, आधी 'ह्यूर' म्हणजे भाडे. 'ह्यूरो' असे वाचण्याचा मोह होतो, पण मग शब्द कधीच उलगडत नाही.

शंका आली तर अंतिम शब्द कोणाचा?

डच भाषा संघाचा. 'नेदरलांत्से तालयुनी' हा संघ नेदरलँड्स आणि बेल्जियम यांनी 1980 मध्ये स्थापन केला, आणि 2004 मध्ये सुरिनाम त्याचे सहयोगी सदस्य झाले. त्याची अधिकृत शब्दसूची 'हिरवी पुस्तिका' म्हणून ओळखली जाते. तिची पहिली आवृत्ती संघाच्याही आधी, 1954 मध्ये निघाली होती, आणि त्यानंतर 1995, 2005 आणि 2015 मध्ये नव्या आवृत्त्या आल्या. शब्दसूची इंटरनेटवर मोफत पाहता येते. सूचीत न सापडणारा समास चुकीचाच असेल असे मात्र समजू नये. घटक ओळखीचे असतील आणि सांधा सापडला असेल, तर तो शब्द आज सकाळी कोणीतरी पहिल्यांदाच लिहिलेला असण्याची शक्यता अधिक.